हँडी सेटमध्ये संगणकावरून मेमरी चॅनेल भरताना येणाऱ्या अडचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौशी रेडिओचा परवाना हाती येतो, पहिला हँडी सेट (हातात धरायचा छोटा वायरलेस संच) घरी येतो, आणि त्यात जवळच्या रिपीटरचे, म्हणजे ऐकलेला संकेत दूरवर पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्राचे, चॅनेल (साठवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या नोंदी) भरायला बसले की संगणक चुकीचा संदेश दाखवून थांबतो. पुढील प्रश्न मला नव्या हॅमनी, म्हणजे हौशी रेडिओचालकांनी, अनेकदा विचारले आहेत. उत्तरे देताना बाओफेंग यूव्ही-५आर हा सेट आणि चर्प हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर समोर ठेवले आहे, कारण शिकाऊ हॅमच्या हाती बहुधा हीच जोडी असते. इतर सेटच्या बाबतीत जेथे वेगळे काही करावे लागते, तेथे तसे सांगितले आहे.

संगणकावरून चॅनेल भरताना सेटमध्ये नेमके काय घडते?

आपण एक चॅनेल बदलतो तेव्हा सेटमध्ये तेवढाच एक चॅनेल जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. यूव्ही-५आर आणि त्याच्यासारख्या सेटमध्ये तसे होत नाही. चर्प सेटच्या स्मृतीची प्रत संगणकावर उतरवून घेते. त्या प्रतीत ० ते १२७ असे १२८ चॅनेल असतातच, शिवाय स्क्वेल्चची (संकेत नसताना खरखर बंद ठेवणाऱ्या सोयीची) पातळी, पडद्याचा प्रकाश, दोन्ही ओळींवर काय दिसावे, अशा पुष्कळ नोंदीही असतात. आपण त्या प्रतीत फेरफार करतो आणि मग ती प्रत सेटमध्ये परत लिहितो. म्हणूनच कामाचा क्रम कधीही बदलू नये : आधी आपल्याच सेटमधून वाचावे, वाचलेली मूळ प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी, आणि नंतरच लिहावे. खाली वर्णन केलेल्या अडचणींपैकी निम्म्या तरी हा क्रम मोडल्यामुळे उद्भवतात, आणि उरलेल्यांतून सुखरूप बाहेर पडायला तीच जपलेली प्रत उपयोगी पडते.

शब्दांचा एक घोटाळाही येथेच मिटवावा. ‘डाउनलोड’ म्हणजे सेटमधून संगणकावर आणि ‘अपलोड’ म्हणजे संगणकावरून सेटमध्ये.

केबल जोडली, तरी संगणकाला पोर्टच दिसत नाही. काय करावे?

प्रोग्रॅमिंग केबल ही साधी तार नसते. तिच्या यूएसबी टोकाच्या प्लॅस्टिकमध्ये एक छोटी चिप असते आणि ती यूएसबीचे रूपांतर सेटला समजणाऱ्या सिरियल संकेतांत करते. संगणकाला या चिपचा ड्रायव्हर (तिच्याशी बोलणारे छोटे सॉफ्टवेअर) लागतो, त्यामुळे आपल्या केबलमध्ये कोणती चिप आहे हे प्रथम ओळखावे. बाजारात प्रामुख्याने चार घराण्यांच्या चिप आढळतात : प्रोलिफिकची पीएल२३०३, एफटीडीआयची एफटी२३२, सिलिकॉन लॅब्सची सीपी२१०२ आणि सीएच३४०.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘पोर्ट्स’ हा भाग पाहावा. केबल लावल्यावर तेथे नवी ओळ उमटली आणि तिच्यापुढे कॉम ३, कॉम ५ असा क्रमांक आला, तर ड्रायव्हर बसला असे समजावे. ओळीवर पिवळे त्रिकोणी चिन्ह असेल तर ती उघडून आतला मजकूर नीट वाचावा. ‘कोड १०’ असे लिहिलेले असेल किंवा पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद झाली असून विक्रेत्याशी संपर्क साधावा, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश असेल, तर केबलमधील चिप जुनी तरी आहे किंवा नकली तरी आहे. प्रोलिफिकचा नवा ड्रायव्हर अशा चिपबरोबर मुद्दामच काम करत नाही. यावर अनेक जण जुनी आवृत्ती, बहुधा ३.२.०.० किंवा ३.३.२.१०२, बसवतात आणि डिव्हाइस मॅनेजरमधून तीच निवडतात. हा उपाय चालतो, मात्र विंडोजने स्वतःहून अद्ययावतीकरण केले की नवा ड्रायव्हर पुन्हा येऊन बसतो आणि महिन्यापूर्वी चालणारी केबल एकाएकी बंद पडते. माझे स्पष्ट मत असे आहे की, ज्यांना वर्षातून चार-पाच वेळा तरी चॅनेल बदलायचे आहेत त्यांनी या खटाटोपात न पडता एफटीडीआय चिप असलेली खात्रीची केबल घ्यावी. थोडे पैसे जास्त जातात, पण अनेक संध्याकाळी वाचतात.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोणतीच हालचाल झाली नाही, तर केबल दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये, शक्यतो हबशिवाय थेट संगणकात लावून पाहावी. तरीही काही उमटत नसेल, तर केबल सदोष असण्याचीच शक्यता अधिक.

पोर्ट दिसतो, पण वाचायला सांगितले की ‘रेडिओ डिड नॉट रिस्पॉन्ड’ असा संदेश येतो.

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि दहातील आठ वेळा त्याचे उत्तर सेटच्या बाजूला असलेल्या रबरी झाकणाखाली सापडते. यूव्ही-५आरमध्ये केनवुड पद्धतीची दोन छिद्रे असतात, एक ३.५ मिलिमीटरचे आणि दुसरे २.५ मिलिमीटरचे. केबलच्या दोन्ही पिना एकाच प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवलेल्या असतात. हा ठोकळा थोडा जाड असला, किंवा सेटचे झाकण पूर्ण बाजूला झालेले नसले, तर पिना आत गेल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात शेवटचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा भाग बाहेरच राहतो. वरून पाहिले तर ठोकळा आणि सेटची भिंत यांच्यामध्ये नखाएवढी फट दिसते. ती फट दिसली की कारण सापडले असे समजावे.

सेट टेबलावर आडवा ठेवावा, एका हाताने तो घट्ट धरावा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ठोकळा सरळ आत दाबावा. शेवटी ‘टक’ असा हलका झटका बोटाला जाणवतो. तो जाणवेपर्यंत पिन पूर्ण बसलेली नाही. ठोकळ्याची कडा सेटच्या कडेला अडत असेल, तर धारदार पात्याने ती कडा किंचित तासून घेता येते. तासताना केबल सेटमधून काढून ठेवावी आणि पाते पिनांपासून दूर राहील याची काळजी घ्यावी.

पिन नीट बसूनही उत्तर येत नसेल, तर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात. सेट चालू आहे ना, आणि आवाजाची कळ निम्म्याच्या वर फिरवलेली आहे ना? बॅटरी पुरेशी भरलेली आहे ना? सेट चार्जरच्या स्टँडमध्ये ठेवून काम करत असाल तर तो बाहेर काढावा. चर्पमध्ये निवडलेला कॉम पोर्ट केबलचाच आहे ना? खात्री नसेल तर केबल काढून पुन्हा लावावी आणि यादीतला कोणता क्रमांक नाहीसा होऊन परत येतो ते पाहावे. शेवटी, तोच कॉम पोर्ट दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने धरून ठेवलेला नाही ना? उपग्रहांचा माग काढणारी किंवा डिजिटल मोडची सॉफ्टवेअर उघडी असतील तर ती बंद करावीत.

केबल लावताच सेटवरचा लाल दिवा लागतो आणि सेट प्रसारण करू लागतो. हे धोक्याचे आहे का?

या सॉकेटमध्ये माइकची, पीटीटीची (बोलण्यासाठी दाबायच्या कळीची) आणि डेटाची जोडणी एकत्रच असल्यामुळे पिन अर्धवट बसली, की सेटला पीटीटी दाबल्यासारखे वाटते. केबल ताबडतोब काढावी आणि पुन्हा पूर्ण आत बसवावी. अँटेना मात्र काढून ठेवू नये, कारण अँटेनाशिवाय प्रसारण झाले तर सेटच्या शक्तिवर्धक भागाला इजा होऊ शकते. केबल लावण्यापूर्वी सेट कमी शक्तीवर आणि हौशी बँडमधील एखाद्या मोकळ्या सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट बोलण्याच्या) फ्रिक्वेन्सीवर आणून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. चालू असलेल्या रिपीटरवर सेट सोडून केबल जोडू नये. आपल्या एका अर्धवट पिनेमुळे संपूर्ण जिल्ह्याचा रिपीटर अडून राहू शकतो.

लिनक्सवर परवानगी नाकारल्याचा संदेश येतो. कधी पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होतो.

पहिल्या अडचणीत आपले वापरकर्ता नाव ‘डायलआउट’ या गटात घालावे लागते आणि त्यानंतर एकदा लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करावे लागते. पुष्कळ जण ही दुसरी पायरी विसरतात आणि उपाय लागू पडला नाही असे समजतात. दुसरी अडचण उबंटू २२.०४ वर सीएच३४० चिपच्या केबलबाबत ठळकपणे आढळली. दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या ब्रेल पडद्यांसाठी असलेली ‘बीआरएलटीटीवाय’ ही सेवा त्या चिपला ब्रेल उपकरण समजून पोर्ट स्वतःकडे घेते. आपल्याकडे ब्रेल पडदा नसेल तर ती सेवा काढून टाकता येते.

यादीत माझ्या सेटचे मॉडेल सापडत नाही, किंवा सापडूनही ओळख पटत नाही.

प्रथम चर्पची आवृत्ती पाहावी. आजची आवृत्ती ‘चर्प-नेक्स्ट’ या नावाने ओळखली जाते आणि तिच्या नावातच ती तयार झाल्याची तारीख असते. जुन्या आवृत्तीत नव्या सेटची भर पडणे थांबले आहे, म्हणून जुनी प्रत मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेण्याऐवजी नवी उतरवून घ्यावी. यूव्ही-५आरच्या घराण्यातले कित्येक सेट वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या आवरणांत विकले जातात. दर्शनी भागावरच्या नावापेक्षा बॅटरी काढल्यावर आत दिसणाऱ्या चिठ्ठीवरचे मॉडेल अधिक भरवशाचे असते. अंदाजाने जवळपासचे मॉडेल निवडून वाचन करून पाहण्यास हरकत नाही, परंतु अंदाजाने निवडलेल्या मॉडेलने सेटमध्ये लेखन कधीही करू नये.

मित्राची तयार फाइल माझ्या सेटमध्ये भरली. शेवटी इशारा आला आणि काही गोष्टी बदलल्याच नाहीत.

त्या इशाऱ्यात असे म्हटलेले असते की लेखन पूर्ण झाले, पण फाइलमधील फर्मवेअरची (सेटच्या अंगभूत सॉफ्टवेअरची) आवृत्ती सेटच्या आवृत्तीशी जुळत नसल्यामुळे ‘अदर सेटिंग्ज’ पाठवता आल्या नाहीत. चॅनेल गेले, इतर काही नोंदी गेल्या नाहीत, आणि चर्पने हे योग्यच केले. दोन यूव्ही-५आर बाहेरून सारखे दिसले तरी त्यांचे फर्मवेअर वेगळे असू शकते, आणि एकाच्या अंतर्गत नोंदी दुसऱ्यावर लादणे हिताचे नसते.

योग्य रीत अशी आहे. आपल्या सेटमधून नव्याने वाचन करावे. तो टॅब उघडा ठेवून मित्राची फाइल दुसऱ्या टॅबमध्ये उघडावी. हव्या त्या ओळी निवडून कॉपी कराव्यात आणि आपल्या टॅबमध्ये चिकटवाव्यात, किंवा ‘इम्पोर्ट’ वापरावे. अशा रीतीने चॅनेल मित्राचे येतात आणि बाकी सारे आपल्याच सेटचे राहते. क्लबने एकच चॅनेल-यादी वीस-पंचवीस सदस्यांच्या सेटमध्ये भरायची असेल, तेव्हाही प्रत्येक सेट आधी वाचूनच ती भरावी. वेळ दुप्पट लागतो, तरी हा वेळ वाचवू नये.

लेखन यशस्वी झाले म्हणतात, पण सेटवर चॅनेल किंवा त्यांची नावे दिसत नाहीत.

सेट फ्रिक्वेन्सी मोडमध्ये असेल. यूव्ही-५आरवर ‘व्हीएफओ/एमआर’ असे लिहिलेली नारिंगी कळ दाबली की चॅनेल मोड येतो. चॅनेल आले पण नावांऐवजी नुसते क्रमांक किंवा आकडे दिसत असतील, तर मेनू २१ मध्ये वरच्या ओळीसाठी आणि मेनू २२ मध्ये खालच्या ओळीसाठी ‘नेम’ हा पर्याय निवडावा. नाव सात अक्षरांपेक्षा लांब ठेवता येत नाही, आणि या सेटच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही. त्यामुळे ‘सिंहगड’ रोमन लिपीत लिहितानाही एखादे अक्षर गाळावेच लागते. नावे ठरवताना अंधारात, घाईत वाचली तरी कळतील अशी आणि सर्व सदस्यांना समान अशी ठेवावीत. आपत्तीच्या वेळी एकाच रिपीटरला तीन जण तीन नावांनी ओळखत असतील तर गोंधळ होतो.

रिपीटर स्पष्ट ऐकू येतो, पण माझ्या सेटने तो उघडत नाही.

येथे चार नोंदी तपासायच्या असतात आणि त्यांपैकी एक जरी चुकली तरी रिपीटर गप्प राहतो.

पहिली नोंद शिफ्टच्या, म्हणजे रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतील फरकाच्या, दिशेची. आपल्याकडे २ मीटर बँडवर रिपीटरची शिफ्ट सहसा उणे ६०० किलोहर्ट्झ असते. समजा, रिपीटर १४५.३०० मेगाहर्ट्झवर बोलतो, तर तो १४४.७०० वर ऐकतो. चर्पमध्ये ‘फ्रिक्वेन्सी’च्या रकान्यात आपल्याला जी ऐकायची ती, म्हणजे १४५.३००, लिहावी, ‘डुप्लेक्स’च्या रकान्यात उणे चिन्ह निवडावे. येथे चुकून अधिक चिन्ह निवडले गेले तर आपला सेट १४५.९०० वर बोलू लागतो. ती जागा उपग्रहांसाठी राखलेल्या १४५.८०० ते १४६.००० या पट्ट्यात येते. रिपीटर तर उघडत नाहीच, शिवाय दूरच्या कोणाच्या तरी उपग्रह संपर्कात आपण व्यत्यय आणतो.

दुसरी नोंद ऑफसेटची, म्हणजे त्याच फरकाच्या आकड्याची. चर्पमध्ये हा आकडा मेगाहर्ट्झमध्ये लिहायचा असतो, म्हणून ६०० नव्हे, ०.६००.

तिसरी नोंद टोनची, आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. बहुतेक रिपीटर आवाजाच्या खाली सतत वाजणारा एक मंद सूर, म्हणजे सीटीसीएसएस टोन ऐकल्याशिवाय उघडत नाहीत. चर्पमध्ये केवळ ‘टोन’च्या रकान्यात आकडा भरून भागत नाही, ‘टोन मोड’च्या रकान्यात ‘टोन’ हा पर्यायही निवडावा लागतो. एका नव्या सदस्याच्या सेटवर मी संपूर्ण दुपार घालवली होती. अँटेना बदलली, गच्चीवर गेलो, केबल बदलली, आणि शेवटी यादीची ती ओळ पडद्यावर मोठी करून पाहिली तेव्हा टोन मोडचा रकाना रिकामा असल्याचे ध्यानात आले. तेव्हापासून मी यादी तपासताना ओळ डावीकडून उजवीकडे बोट ठेवून वाचतो. शेजारच्या टोनमधली चूकही सहज होते, ८५.४, ८८.५ आणि ९१.५ हे तिन्ही यादीत एकमेकांना लागून येतात.

चौथी नोंद सेटवरची आहे, यादीतली नाही. मेनू ७ मधील दुहेरी ऐकणे, म्हणजे ‘टीडीआर’, चालू असेल आणि खालच्या ओळीवर नुकतेच कोणी बोलून गेले असेल, तर पीटीटी दाबल्यावर सेट त्या खालच्या ओळीवरच बोलू शकतो. आपण वरच्या ओळीकडे पाहत राहतो आणि रिपीटर उघडत नाही म्हणतो. तपासणी चालू असताना टीडीआर बंद ठेवावे. मेनू २३ मधील ‘बीसीएल’ही बंद असावे, ते चालू असले की चॅनेलवर संकेत असेपर्यंत सेट प्रसारणच करू देत नाही.

रिपीटर उघडतो, माझा आवाज पोहोचतो, पण मला कोणाचेही उत्तर ऐकू येत नाही.

आपण ‘टोन’ऐवजी ‘टीएसक्यूएल’ निवडले असावे. ‘टोन’ निवडला की आपला सेट सूर पाठवतो, पण ऐकताना त्याची अट घालत नाही. ‘टीएसक्यूएल’ निवडला की येणाऱ्या संकेतात तोच सूर असल्याशिवाय सेटचा स्पीकर उघडत नाही. काही रिपीटर येणारा सूर पुढे पाठवतात आणि काही पाठवत नाहीत. त्यामुळे नव्या चॅनेलसाठी नेहमी ‘टोन’ हाच पर्याय ठेवून सुरुवात करावी. डीसीएस (सुराऐवजी अंकी कोड) वापरणाऱ्या रिपीटरवर कोडच्या जोडीने त्याची दिशा, म्हणजे सरळ की उलटी, हीसुद्धा जुळावी लागते.

ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी वेगवेगळ्या बँडवर असेल तर चॅनेल कसा भरावा?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर हे याचे सर्वोत्तम उदाहरण आहे, आणि साध्या हँडी सेटने तो साधण्यात जो आनंद आहे तो प्रत्येक नव्या हॅमने एकदा तरी घ्यावा. या रिपीटरला १४५.९९० मेगाहर्ट्झवर ६७.० हर्ट्झच्या टोनसह बोलायचे असते आणि उत्तर ४३७.८०० वर ऐकायचे असते. चर्पमध्ये ‘फ्रिक्वेन्सी’ ४३७.८०० लिहावी, ‘डुप्लेक्स’मध्ये ‘स्प्लिट’ निवडावे, आणि मग ऑफसेटच्या रकान्यात शिफ्टचा फरक न लिहिता बोलण्याची पूर्ण फ्रिक्वेन्सी, म्हणजे १४५.९९०, लिहावी. येथे फरक काढून लिहिणारे अनेक जण मला भेटले आहेत. टोन मोड ‘टोन’ आणि टोन ६७.०.

एवढ्याने काम अर्धेच होते. स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असल्यामुळे डॉप्लर परिणामाने ४३७.८०० वरचा संकेत आपल्याकडे सुमारे १० किलोहर्ट्झ वर किंवा खाली सरकून येतो. म्हणून एका चॅनेलऐवजी ओळीने पाच चॅनेल भरावेत. त्यांच्या ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सी ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५ आणि ४३७.७९० अशा ठेवाव्यात आणि पाचही चॅनेलवर बोलण्याची फ्रिक्वेन्सी १४५.९९० हीच राहू द्यावी; त्या बँडवर सरकण्याचे प्रमाण साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच असते आणि एफएममध्ये ते चालून जाते. स्थानक क्षितिजावर येताना पहिल्या चॅनेलवर राहावे, ते डोक्यावर येईल तसतसे मधल्या चॅनेलवर यावे आणि मावळताना पाचव्यावर. यूव्ही-५आर बोलताना ऐकू शकत नाही, त्यामुळे आपला आवाज परत येतो का हे त्याच वेळी कळत नाही. वाक्य छोटे ठेवावे आणि लगेच कळ सोडावी.

माझा आवाज फार बारीक पोहोचतो, किंवा फाटतो.

‘मोड’च्या रकान्यात ‘एफएम’ (रुंद पट्टा) आणि ‘एनएफएम’ (अरुंद पट्टा) हे दोन पर्याय असतात. रिपीटर रुंद पट्ट्याचा असताना आपण ‘एनएफएम’ ठेवले तर आवाज दबलेला जातो. उलट झाले तर तो कडांना फाटतो. रिपीटर चालवणाऱ्या गटाला विचारून तेच ठेवावे. आवाज तरीही बारीक असेल तर सेट तोंडापासून चार-पाच बोटे दूर धरून बोलावे आणि माइकचे बारीक छिद्र बोटाखाली झाकले जात नाही ना, ते पाहावे.

केवळ ऐकण्यासाठीचे चॅनेल कसे भरावेत? चर्पमधल्या तयार याद्या वापराव्यात का?

यूव्ही-५आर १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कोठेही बोलू शकतो. आपला परवाना मात्र तसे बोलू देत नाही. भारतात हौशी सेवेसाठी या सेटच्या आवाक्यात १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. ज्या चॅनेलवर फक्त ऐकायचे, उदाहरणार्थ अंतराळ स्थानकावरून चित्रे पाठवली जातात ती १४५.८०० ही फ्रिक्वेन्सी, तेथे ‘डुप्लेक्स’मध्ये ‘ऑफ’ निवडावे. मग चुकून पीटीटी दाबली तरी सेट प्रसारण करत नाही. घरात लहान मुले असतील तर ही खबरदारी विशेष आवश्यक आहे.

चर्पमध्ये अमेरिकेच्या एफआरएस, जीएमआरएस आणि एमयूआरएस या सेवांच्या तयार याद्या येतात. त्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या किंवा १५१ ते १५४ मेगाहर्ट्झमधल्या, आपल्याकडे हौशी सेवेच्या नाहीत. त्या भरू नयेत. बीएफ-८८८एस या सोळा चॅनेलच्या, पडदा नसलेल्या सेटमध्ये कारखान्यातूनच हौशी बँडबाहेरचे चॅनेल भरून येतात. तो सेट हाती आल्यावर पहिले प्रसारण करण्यापूर्वी ते सर्व पुसून आपल्या बँडमधले भरणे हे आपले कर्तव्य आहे, कारण पडद्याअभावी आपण कोठे बोलतो आहोत हे दिसतच नाही.

यादी एक्सेलमध्ये तयार करून चालेल का?

चालेल. चर्पमधून एखादी यादी सीएसव्ही स्वरूपात बाहेर काढावी आणि तीच नमुना म्हणून वापरावी. वरच्या ओळीतील रकान्यांची इंग्रजी नावे जशीच्या तशी राहू द्यावीत, जतन करताना एक्सेलचे स्वतःचे स्वरूप न निवडता सीएसव्हीच निवडावे, आणि शेवटी ती फाइल थेट सेटमध्ये न पाठवता सेटमधून वाचलेल्या प्रतीत इम्पोर्ट करावी.

संगणक जवळ नसताना कळा दाबून भरलेला रिपीटर चॅनेल नंतर सिम्प्लेक्ससारखा का वागतो?

यूव्ही-५आरमध्ये ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रिक्वेन्सी एकाच चॅनेलमध्ये दोन वेळा साठवावी लागते. फ्रिक्वेन्सी मोडमध्ये प्रथम ऐकण्याची फ्रिक्वेन्सी आणि मेनू १३ मध्ये टोन ठेवून मेनू २७ ने चॅनेल साठवावा. मग बोलण्याची फ्रिक्वेन्सी टाकून पुन्हा मेनू २७ ने त्याच क्रमांकावर साठवावी. दुसरी पायरी राहिली तर चॅनेल सिम्प्लेक्सच राहतो. तो क्रमांक आधीपासून भरलेला असेल, तर मेनू २८ ने तो प्रथम पुसून घ्यावा.

लिहिता लिहिता केबल निघाली किंवा वीज गेली. सेट कायमचा बिघडला का?

सहसा नाही. चर्प चॅनेल आणि सेटिंग्ज लिहिते, सेटचे फर्मवेअर बदलत नाही. सेट बंद करून पुन्हा चालू करावा, पिन घट्ट बसवावी आणि जपून ठेवलेली मूळ प्रत पुन्हा लिहावी. ती प्रत नसेल तर मेनू ४० मधील रीसेटचा विचार करावा लागतो, परंतु तेथे ‘ऑल’ निवडल्यास सर्व चॅनेल पुसले जातात हे ध्यानात ठेवावे.

इतर सेटबाबत काही वेगळे आहे का?

क्वानशेंग यूव्ही-के५ मध्ये २०० चॅनेल असतात. त्याचे यूएसबी-सी सॉकेट केवळ चार्जिंगसाठी आहे; चॅनेल भरायला तीच केनवुड पद्धतीची केबल लागते. त्यावर कोणी बदललेले फर्मवेअर बसवले असेल तर चर्पमधील मूळ मॉडेल त्याच्याशी जुळेलच असे नाही.

येसूच्या एफटी-६० मध्ये सेट आधी क्लोन मोडमध्ये (स्मृतीची प्रत देण्या-घेण्याच्या स्थितीत) न्यावा लागतो : ‘मोनी’ कळ दाबून धरून सेट चालू करायचा, मोठी कळ फिरवून ‘एफ८ क्लोन’ निवडायचे आणि ‘एफ/डब्ल्यू’ दाबायचे. येथे क्रमाला महत्त्व आहे. वाचताना चर्पला आधी वाट पाहायला लावावे आणि मग सेटची पीटीटी दाबावी; लिहिताना आधी सेटवर ‘मोनी’ दाबून त्याला वाट पाहायला लावावे आणि मग चर्पला सांगावे. हा क्रम उलटला की दोघेही एकमेकांची वाट पाहत थांबतात आणि केबल चांगली असूनही दोष तिच्यावर येतो.

डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या सेटमध्ये चॅनेलबरोबर कलर कोड, टाइमस्लॉट, टॉकग्रुप आणि संपर्कांची यादी असे बरेच काही भरावे लागते. त्यासाठी बहुतेक वेळा त्या कंपनीचेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. तेथेही पहिले काम सेटमधली मूळ प्रत उतरवून घेण्याचेच.